शिकाऊ म्हणजे शिकाऊ

शेडगे सर गेल्याचा निरोप मोबाईलवर आला तेव्हा मी मंडईत वांगी निवडत होतो. निरोप वाचला, फोन खिशात ठेवला आणि उरलेली वांगी निवडली. भाजीवालीने वर कोथिंबीर टाकू का विचारलं, तिला टाक म्हटलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या नाही. त्याला आता काही महिने झाले. भोरला जाऊन आलो, दहाव्याला नदीवर उभा राहिलो, शेडगे वहिनींशी बोललो. अजून काही वाटत नाही. दात काढल्यावर बधिर गालाला आपण पुन्हा पुन्हा बोट लावून बघतो, तसा मी मधूनमधून त्यांना आठवून बघतो. हे लिहायला बसलो तेही त्यासाठीच.

भोरच्या आयटीआयमध्ये आम्ही बरोबर होतो. ते फिटर ट्रेडचे निदेशक, म्हणजे पोरांच्या हाताला काम शिकवणारे. मी मुलांना गणित आणि ड्रॉइंग शिकवायचो. त्यांच्या लेखी मी खडूवाला. "खडूनं काढल्याली रेघ पुसता येती पवार, आमी कानस मारली की झालं," असं ते मला आल्या दिवशीच म्हणाले होते. ठेंगणा, रुंद मनगटाचा माणूस. लोक खिशाला पेन लावतात, हे पोलादी पट्टी लावत. काटकोन तपासायच्या गुण्याला डोळा लावून लावून त्यांचा डावा डोळा कायमचा बारीक झाला होता, त्यामुळे समोरच्याला वाटे की हे आपल्यावर संशय घेतायत. बऱ्याचदा ते घेतही असत.

नव्या बॅचला ते पहिल्या दिवशी लोखंडाचा एकेक ठोकळा आणि कानस देत. काम एकच, सगळ्या बाजू काटकोनात आणायच्या. पोरं घासून घासून घामाघूम होत आणि ठोकळा घेऊन सरांपुढे उभी राहत. सर गुण्या लावत, खिडकीकडे धरत आणि म्हणत, "उजेड दिसतोय." गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड आला, की काम चुकलं. पोरगं परत व्हाइसच्या पकडीत ठोकळा आवळायला. काही पोरांचा ठोकळा घासत घासत काडेपेटीएवढा व्हायचा, तरी उजेड दिसायचाच.

ही त्यांची सवय वर्कशॉपच्या बाहेरही सुटत नसे. नव्या रस्त्याचं उद्घाटन झालं, की पहिल्या वळणावर मोटारसायकल थांबवून ते बघत आणि म्हणत, "उजेड दिसतोय." माझ्या मेहुण्याच्या लग्नात नवरा-नवरी बोहल्यावर उभे असताना त्यांनी माझ्या कानात तेच सांगितलं. मी तेव्हा चिडलो होतो. पुढे दोन वर्षांत त्या दोघांचं बिनसलं, तेव्हा मात्र सरांनी विषयसुद्धा काढला नाही. दुसऱ्याच्या चुकीवर मीठ चोळायची त्यांना हौस नव्हती, चूक दिसली की सांगायची, एवढंच.

भोर आणि वेल्हे, आमच्या पोरांच्या या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. धरणं आहेत, गड आहेत, रूळ नाहीत. डोंगरातल्या कितीतरी पोरांनी गाडी मोबाईलवरच बघितलेली. म्हणून सर दरवर्षी बॅचला टेम्पोत घालून नीरेच्या बाजूला एका लहानशा स्टेशनवर नेत. एकदा मीही गेलो होतो. गाडी आली, पोरं आ वासून खिडक्यांकडे बघू लागली. सर ओरडले, "वर काय बघताय? वर पाशिंजर असत्यात. खाली बघा, खाली! आपलं काम खाली हाय." आणि स्वतः फलाटावर पालथे पडून चाकाजवळचे ब्रेक दाखवू लागले. त्यांच्या पाठोपाठ अख्खी बॅच पालथी. गाडीतल्या एका आजीबाईंनी खिडकीतून विचारलं, "काय पडलं वं तुमचं?" सर न उठता म्हणाले, "काय न्हाई आज्जी, अभ्यास चाललाय." स्टेशनमास्तर धावत आले. गाडी जागची हलायच्या आत ते सगळ्यांना हाताला धरून उठवत होते, आणि सर त्यांनाच त्या ब्रेकची माहिती देत होते.

या सगळ्या खटाटोपामागे एक हिशोब होता. रेल्वेचे कारखाने दरवर्षी आयटीआय झालेल्या मुलांना वर्षभरासाठी शिकाऊ म्हणून घेतात. फिटर, वेल्डर, वायरमन, सुतार, रंगारी, सगळेच. तिथल्या कारागिरांच्या हाताखाली काम शिकायचं, थोडं विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. वर्ष संपलं की घरी. कायमची भरती कधी निघालीच तर शिकाऊ झालेल्यांसाठी त्यात काही जागा राखीव असतात, पण ती कधी निघेल आणि कुणाचा नंबर लागेल, ते कुणी सांगू शकत नाही. सर पोरांच्या मागे लागून अर्ज भरायला लावत आणि त्याच तोंडाने आईबापांना बजावत, "शिकाऊ म्हंजी शिकाऊ. नोकरी न्हाई."

राजगडाखालच्या पालीचे एक गृहस्थ पोराला घेऊन आले होते. ट्रेकला येणाऱ्यांसाठी त्यांची झुणका-भाकरीची खानावळ होती. त्यांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं.

"मंग एक वर्सानं?"

"मंग घरी."

"घरीच यायचं तर जायचं कशाला?"

"शाळंतनं बी पोरं घरीच येत्यात की," सर म्हणाले. "म्हनून काय कुनी शाळंत घालत न्हाई व्हय?"

गृहस्थांनी थोडा विचार केला आणि पोराला ठेवून गेले. मी सरांना म्हटलं, तुम्ही असंच बोलत राहिलात तर एक दिवस सगळी पोरं उठून जातील. ते म्हणाले, "जाऊंद्यात. पन उद्या माज्या दारात यिऊन कुनी म्हनायला नको, तुमी सांगितलं न्हाई."

ते असं का म्हणतात हे मला वहिनींकडून कळलं. सर स्वतः तरुणपणी रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ होते. वर्ष संपवून भाटघरजवळच्या आपल्या गावी परत आले, तर गावाने तोवर त्यांना रेल्वेत लावून टाकलं होतं. खरं कळल्यावर पारावरची मंडळी त्यांना लांबून बघून म्हणत, "रेल्वे आली रं, सिग्नल द्या." पुढे ते निदेशकाचं प्रशिक्षण घेऊन सरकारी नोकरीत लागले, भोरला घर केलं, तरी गावात त्यांचं नाव रेल्वेच राहिलं. चुलत्याच्या मयतालासुद्धा कुणीतरी म्हणालं, रेल्वे आली का बघा, मग उचलू. ते ऐकून सर पुढे झाले आणि तिरडीला खांदा दिला, असं वहिनी म्हणाल्या. चिडले नाहीत. हे सगळं ज्याने सोसलं, तो माणूस दुसऱ्याच्या पोराला तसं सोसू देणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

मग मनीषा आली. पासलीची, वेल्ह्याच्या वरच्या अंगाची. भाताची शेती, वडील किसनराव, त्यांची ही एकुलती एक. फिटरच्या बॅचमध्ये मुलगी अशी तीच. तिच्या ठोकळ्याला गुण्या लावून सरांनी बराच वेळ खिडकीकडे धरला, मग ठोकळा तिच्या हातात दिला आणि काही न बोलता पुढच्या पोराकडे वळले. उजेड दिसला नव्हता. वर्गाला ते लगेच कळलं आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे तो ठोकळा बघायला गोळा झाले.

तिची रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून निवड झाली. किसनरावांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. तिकडे रेंज नाही, ते कुठल्यातरी उंचावर चढून ओरडत होते, "सर, पोरगी लागली का रेल्वंत?" सर म्हणाले, "निवड झाली." तिकडून काहीतरी आनंदाचं ओरडणं आलं आणि फोन तुटला. सरांनी परत लावला नाही.

आठवड्याभरात पासलीला सत्कार ठेवला. आम्हाला दोघांना बोलावणं आलं. गावाच्या तोंडालाच फ्लेक्स, त्यावर मनीषाचा फोटो, मागे एक लांबलचक गाडी आणि खाली मजकूर, आपल्या गावची कन्या रेल्वे खात्यात रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. सर तो फ्लेक्स वाचत उभे राहिले. सरपंच म्हणाले, आता काशीला जायचं तर आपल्या मनीषाला सांगायचं. एका म्हातारीने तर तिथेच तिला विचारलं, "खिडकीची जागा गावंल का गं माय?" किसनराव टोपी हातात घेऊन डोळे पुसत होते, पुन्हा डोक्यावर ठेवत होते, पुन्हा काढत होते. मनीषा मान खाली घालून बसली होती. तिला खरं माहीत होतं. मला माहीत होतं. सरांना तर होतंच. आणि सरांना बोलायला उभं केलं.

मला वाटलं, आता ते वाक्य येणार आणि या मांडवावर पाणी पडणार. सर उभे राहिले. किसनरावांकडे बघितलं. म्हणाले, "पोरगी हुशार हाय. हात चांगला हाय." आणि बसले. टाळ्या पडल्या. परतीच्या वाटेवर ते एवढंच बोलले की रस्ता खराब हाय. मी धरलं, माणूस आहे, गर्दीत जीभ वळली नसेल.

वर्षभर मनीषाचा दर रविवारी फोन यायचा, घरी एकदा आणि सरांना एकदा. डब्याखालची बोगी, म्हणजे चाकांची चौकट, सोडवून दुरुस्त करायचं काम तिच्याकडे होतं. आज मी एकटीनं फिटिंग केलं, आज कारागीर मामांनी शाबासकी दिली, असलं सगळं सांगायची. त्याच वर्षी सर रिटायर झाले, तरी रविवारी फोन झाला की ते सोमवारी आयटीआयच्या फाटकाशी येऊन मला सांगून जात. इतके खूश मी त्यांना आधी बघितले नव्हते. वर्ष संपलं. मनीषा परीक्षा पास झाली, प्रमाणपत्र घेऊन पासलीला आली. गावाने विचारलं, सुट्टीवर का? ती हो म्हणाली.

ती सुट्टी काही संपेना. कायमच्या भरतीचा पत्ता नव्हता. आणि मग वेल्ह्याच्या एका घरातून तिला मागणी आली. त्यांना सून रेल्वेवालीच पाहिजे होती. किसनराव हरखले, पाहुण्यांना यायचा दिवस देऊन बसले. मनीषा एसटीने भोरला आली. मीही तेव्हा सरांच्या घरी होतो.

"सर, पाव्हनं रविवारी येनारेत," ती म्हणाली. "त्यांना नोकरीवाली पायजे. लगीन झाल्यावर कळलं तर मला तितं कोन ठेवून घेनार? मी अण्णांना सांगायला गेले तर तोंडातनं शब्द फुटंना. तुमी सांगा. तवा तुमी गप बसला व्हता."

वहिनी आतून पाणी घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. सर म्हणाले, "सांगतो." मग मला म्हणाले, "पवार, तुमीबी चला. एकट्याला बरं वाटत न्हाई." त्यांनी मला आयुष्यात केलेली ही एकच विनंती.

शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा देवळात जत्रेची बैठक चालली होती. किसनरावांनी उठून सरांना पुढे बसवलं, चहा सांगितला. सर बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "किसनराव, पोरगी रेल्वेत नोकरीला न्हाई. कदीच नव्हती. वरीसभर शिकाऊ व्हती. वरीस संपलं. त्या दिशी सत्काराला मला ठाऊक व्हतं, म्या बोललो न्हाई."

कुणीतरी हसलं आणि थांबलं. किसनराव मनीषाकडे वळले. ती खांबाशी उभी होती.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय अण्णा."

"पयल्यापास्नं?"

"व्हय."

"म्हंजी निस्तं मलाच न्हाई," किसनराव म्हणाले. आवाज चढला नाही. सरांना म्हणाले, "सर, तुमी तवाच सांगितलं असतं तर म्या हिला पाठवलीच नसती. परमुलखात, येक वर्सासाटी, आन् परत हितंच?"

"म्हनूनच गप बसलो," सर म्हणाले.

तेव्हा मला कळलं की त्या दिवशी सरांची जीभ वगैरे काही अडली नव्हती. त्यांनी ठरवून तोंड मिटलं होतं. आयुष्यभर बापांना जे बजावलं, ते एका बापाला मुद्दाम सांगितलं नव्हतं, पोरगी जावी म्हणून.

किसनरावांनी मान हलवली. "मंग आजबी गप बसायचं व्हतं," ते म्हणाले.

सर तसेच उभे राहिले. त्यांचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि एवढ्या मोठ्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

किसनराव देवळामागच्या चढावर गेले. रेंज तिथेच येते. फोन लावला आणि सगळ्या बैठकीला ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलले, "पाव्हनं, पोरीला नोकरी न्हाई. रेल्वंतनं काम शिकून आलीया. आता बगा, यायचं तर उद्या या." तिकडचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही. ते खाली आले आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "न्हाई येत."

मग आम्हाला म्हणाले, "जेवून जावा."

आम्ही जेवलो. मनीषाच्या आईने चुलीपुढून मान वर केली नाही. किसनरावांनी स्वतः वाढलं, आपल्याच खाचरातला भात, सरांच्या ताटात दोनदा. सरांनी शीतही टाकलं नाही. शिवी देऊन हाकललं असतं तर बरं झालं असतं, असं मला जेवताना सारखं वाटत होतं. हात धुताना किसनराव मनीषाला म्हणाले, "बॅग भर." आणि सरांना म्हणाले, "हिला भोरला घेऊन जावा. हितं ऱ्हायली तर लोकं रोज इचारत्याल, आन् मला रोज सांगायला लागंल. कायतरी काम बगू दे तिला. लगनाचं मागनं बगू."

एसटीत मनीषा पुढे खिडकीशी बसली, आम्ही दोघे मागे. नसरापूरला गाडी बदलली. सरांचा बारीक डोळा मिटलेला होता, दुसरा उघडा. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे की काय, मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्याच आठवड्यात माझी बदली झाली. फोन झाले, भेट झाली नाही. पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं आणि ते गेले. दहाव्याला गेलो तेव्हा मनीषा शिरवळच्या कंपनीतून सुट्टी काढून आली होती आणि वहिनींच्या शेजारी बसली होती. ती अजून त्यांच्याकडेच राहते.

पण मी सरांना शेवटचं बघितलं ते त्या शनिवारी, भोरच्या स्टँडवर. संध्याकाळ होत आली होती. उतरल्या उतरल्या त्यांनी वहिनींना फोन लावला. "वरची खोली झाड. व्हय, मनीषा. किती दिवस ते इचारू नको." मग तिची बॅग खांद्याला लावून ते तिला म्हणाले, "उद्या रविवार. परवा शिरवळला जाऊ. तितं एका कंपनीत फिटर पायजे म्हनत व्हते."

मनीषाने विचारलं, "सर, तितं तरी कायम करत्यात का?"

सर थांबले. मी त्यांच्याकडे बघत होतो.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई करत."

"बरं," मनीषा म्हणाली. तिने त्यांच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि पुढे चालू लागली. सर तिच्या मागून निघाले.